आईची ‘एक वाटी’ म्हणजे नेमके किती ग्रॅम? बिबड्यांचं गणित इथेच चुकतं

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडे घरोघरी बिबड्यांची गडबड सुरू होते. ज्वारी भिजवायची, दळायची, मीठ-जिरं-तीळ-लसूण घालून घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर पातळ थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. नोकरीसाठी पुण्यात राहणारी लेक हे सगळं पहिल्यांदा एकटीने करायला घेते आणि आईला फोन लावते.

“माय, ज्वारी किती?” “धा वाट्या.” “अन् मीठ?” “मूठभर टाक, चाखून पाह्य.”

लेकीसमोर डिजिटल वजनकाटा. त्याला ना वाटी कळते ना मूठ. मग ती इंटरनेटवर शोधते, वाटी म्हणजे कप समजते आणि घोळ होतो.

रेसिपीतला अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा असतो. घरातली वाटी समजा १५० मिलीची आहे. ज्वारीच्या १५० मिली वाटीत साधारण ११० ग्रॅम दाणे बसतात, म्हणजे दहा वाट्यांची झाली सव्वा किलोच्याही आत. कपाच्या हिशोबाने तीच ज्वारी १८०० ग्रॅमपर्यंत जाते. मूठ मात्र तेवढीच राहिली, म्हणून बिबडे अळणी.

आईचं प्रमाण चुकीचं नाही बरं का. एकाच वाटीने सगळं मोजलं तर वाटी लहान की मोठी याने काही बिघडत नाही. कळण्याच्या भाकरीचंच बघा. ज्वारी आणि उडीद दोन्ही दाणेच, मापात जवळपास सारखेच बसतात. त्यामुळे ‘चाराला एक’ हे प्रमाण वाटीने घ्या नाहीतर किलोने, फारसा फरक पडत नाही. अडचण होते ती अर्धं प्रमाण वाटीत आणि अर्धं किलोत घेतल्यावर.

कारण सोपं आहे. वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. त्याच १५० मिलीच्या वाटीत पाणी १५० ग्रॅम, तेल १३८, साखर सुमारे १२५, रवा १०५ आणि कणीक ७५ ते ९० ग्रॅम. कणकेत एवढा फरक का? अलगद भरली तर पिठात हवा राहते, दाबून भरली तर तेच पीठ जास्त बसतं.

मिठाचं तर विचारूच नका. बारीक मिठाचा ५ मिलीचा सपाट चमचा साधारण ६ ग्रॅमचा. खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून खडे मीठ त्याच चमच्यात कमी भरतं. आई खडे मीठ मुठीने घेत असेल आणि लेकीने पाकिटातलं बारीक मीठ तेवढंच घेतलं, तर बिबडे खारट. त्यात वाळताना पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून ओला घाटा चाखताना मीठ किंचित कमीच लागायला हवं.

हा गोंधळ जुनाच आहे. पूर्वी धान्य चिपटं, मापटं, शेर, पायलीने मोजायचे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी मापं जागेची. पण ‘शेर’ हे वजनही होतं, ८० तोळ्यांचं, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. एकाच नावाची दोन मापं, त्यात गावोगावी फरक! १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं यायला लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. दुकानात किलो आला, स्वयंपाकघरात वाटी तशीच राहिली.

मग करायचं काय? पुढच्या वेळी घरी गेलात की काटा सोबत न्या. आईची रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितक्या मिलीची वाटी. मग तिलाच तिच्या पद्धतीने ज्वारी भरू द्या आणि वजन लिहून घ्या. ज्वारी कोरडीच मोजा, कारण भिजल्यावर ती फुगते आणि पाण्याचं वजनही त्यात येतं. आणि हो, मूठ तिचीच मोजा, तिच्याच डब्यातल्या मिठाची.