थकवा थायरॉइडचा की मूत्रपिंडाचा?

सकाळी चेहऱ्यावर सूज, दिवसभर थकवा, कोरडी त्वचा, इतरांना उकडत असताना आपल्याला मात्र थंडी. चाळिशीतल्या गृहिणीने अशी तक्रार केली, की ‘कामाचा ताण’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. पुढे रक्तात क्रिएटिनिन वाढलेले निघाले, की घरभर एकच धास्ती पसरते : मूत्रपिंडे गेली!

पण याच खुणा गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावल्याच्याही असतात. तिचा स्राव कमी पडला, की हृदयाचा जोर कमी होतो, मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते आणि गाळण्याचे काम संथ होते. दोष केवळ ग्रंथीचा असेल, तर योग्य गोळ्यांनी क्रिएटिनिन पुष्कळदा खाली येते. उलट, ग्रंथी अतिकाम करीत असेल, तर ते प्रत्यक्षाहून कमी दिसते आणि मूत्रपिंडाचा विकार झाकला जातो.

हे नाते दुहेरी आहे. जुनाट मूत्रपिंडविकारात थायरॉइडच्या स्रावाचे शरीरात होणारे रूपांतर मंदावते. लघवीवाटे फार प्रथिने जाऊ लागली, तर त्यांच्याबरोबर हा स्रावही वाहून जातो.

कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर हे जंगलाजवळचे छोटे गाव. डॉ. आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९८४ साली स्थापलेल्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचे रुग्णालय येथे आहे. तरीही अशा आडगावच्या रुग्णाला मोठ्या तज्ज्ञासाठी शहर गाठावे लागले, तर दिवसाची मजुरी बुडते. आपल्याकडच्या खेड्यांतही हीच स्थिती. म्हणूनच थकवा व सूज असताना क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि टी.एस.एच. या साध्या तपासण्या एकाच फेरीत करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आणखी एक पथ्य. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्यास ती अंगी लागत नाही. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे होऊ नये यासाठी एवढी दक्षता पुरेशी आहे.