वग शेवटी येतो

यात्रांचा हंगाम जवळ आला की राजगुरुनगरच्या आसपासच्या गावांतल्या यात्रा कमिट्या वर्गणीचा अंदाज बांधतात आणि पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठतात. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात. घासाघीस होते, सुपारी दिली जाते. शहरी माणसाला तमाशा म्हटलं की लावणी आठवते. पण गण, गवळण, बतावणी उरकल्यावर गावकरी पहाटेपर्यंत बसून राहायचे ते वगासाठी. फडाचं खरं नाटक तेच.

उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. साल साधारण 1865. पुढे पठ्ठे बापूरावांचा ‘मिठाराणी’ गाजला. राजे, राण्या, प्रधान, दरोडेखोर अशी ही दुनिया. छापील संहिता क्वचितच असे. सरदार कथानक सांगायचा, प्रवेश वाटून द्यायचा; बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. म्हणून एकच वग दोन गावांत सारखा होत नसे, आणि नट कच्चा असेल तर ढोलकीवाल्याला सावरून घ्यावं लागे.

या उभ्या रचण्याचा उस्ताद याच पट्ट्यातला. चाकणहून तळेगावकडे निघालं की वाटेत इंदुरी लागतं, आज आजूबाजूला कारखाने. दादू इंदुरीकर तिथले. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मध्ये शापानं गाढव झालेला गंधर्व राजकन्येशी लग्न करायला निघतो; पण लोक बघायला यायचे ते दादूंचा सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी. नवरा-बायकोची ती भांडणं प्रेक्षक पाहून वाढायची, आटायची. 1973 साली दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो पुरस्कार जितका नटाला तितकाच लेखकालाही होता, कारण सावळ्याचं निम्मं बोलणं दादूंनीच रचलेलं.

तुकाराम खेडकरांच्या फडाची गोष्ट वेगळी. 1939 साली गुजरातेत, दगडखाणीवर राबणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या कांताबाई साताऱ्यात वाढल्या आणि पुढे या फडात आल्या. तुकाराम नायक, त्या नायिका, ही जोडी वगात जमली. ‘गवळ्याची रंभा’त त्या रंभा, ‘रायगडची राणी’त येसूबाई. 1964 मध्ये तुकाराम गेले. पाच वर्षांनी कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला. पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांचं नाव त्याला जोडलं गेलं. ‘1857चा दरोडा’, ‘कोंढाण्यावर स्वारी’ यांच्या जोडीला ‘असे पुढारी ठार करा’ पाटीवर आलं. नावं वाचली तरी कळतं, राजवाडा सोडून वग चावडीवर आला होता. बाई 2021च्या मे महिन्यात कोरोनानं गेल्या; तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी यात्रा बंद होत्या.

आता यात्रा भरतात. कारखानदारीनं गावांत पैसाही आला, त्यामुळे सुपारीला तोटा नाही. पण लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा असा नियम आहे. तंबू लागून लोक जमेपर्यंत आठ वाजतात, मग गण, गवळण, फर्माईशी, सिनेमातली गाणी. वग शेवटी येतो, म्हणून आधी कापला जातो तोच. काही फड त्याचा अर्ध्या तासाचा तुकडा करतात, काही पुढाऱ्याचं भाषण लांबलं म्हणून तेवढाही करत नाहीत.