कल्ला लाल आहे, पण मासा कुठल्या पाण्यातला?

रविवारी सकाळी चिखलीत मासळीच्या पाटीसमोर गर्दी असते. "मावशी, ताजा आहे ना?" विचारलं की मावशी अंगठ्याने रोहूचा कल्ला उघडून दाखवतात. लालभडक. ताजेपणाची ही पारख खरीच. पण माशात धातू किती साठलाय, ते कल्ला सांगत नाही. वासाने आणि चवीनेही ते कळत नाही.

चिखलीला खेटून इंद्रायणी वाहते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांवर जस्त, निकेल, क्रोमचा मुलामा चढतो. ते भाग धुतले की धातू पाण्यात उतरतात. हे पाणी तसंच नाल्यात सोडलं, तर आळंदीवरून तुळापूरला भीमेत आणि पुढे उजनी धरणात जातं. भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी, कटला याच उजनीची.

मैलापाण्यातली घाण जिवाणू काही अंशी पचवतात. धातू कुजत नाही. तो गाळात बसतो, तिथून किड्यांत आणि माशांत जातो. शिसं आणि कॅडमियम जास्त करून यकृत, मूत्रपिंड, कल्ल्यांत साठतात. म्हणून आतडी-कल्ले काढून टाकणं फायद्याचं. पाऱ्याचं तसं नाही. मिथाइल पारा थेट मांसात मुरतो आणि मोठा मासा लहान्याला खातो तसा वाढत जातो. हळद-मीठ लावून किंवा उकळून तो निघत नाही. जपानच्या मिनामाता खाडीतली मासळी खाऊन माणसं लुळी पडली, तो आजार 1956 मध्ये उघड झाला. त्यामागे हाच पारा होता.

म्हणून मासे सोडायचे का? नाही. इतकी चांगली प्रथिनं ताटातून घालवू नयेत. एकाच ठिकाणची, एकाच जातीची मासळी रोज खाऊ नये. नाल्याच्या तोंडाशी धरलेला किंवा मरून तरंगणारा मासा घेऊच नये. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मोठ्या शिकारी माशांऐवजी लहान मासे द्यावेत.

खरा उपाय मात्र कारखान्याच्या टाकीत आहे. विषारी क्रोमचं रूप रसायनाने बदलायचं, चुना घालून धातू खाली बसवायचा आणि तो गाळ रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात पाठवायचा. देशाच्या नियमात किलोभर माशात शिशाची मर्यादा 0.3 मिलिग्रॅम आहे. ती पाळली जाते का, हे भिगवणच्या लिलावातले नमुने नियमित तपासून लोकांसमोर मांडायला हवं.

मावशी ताजेपणाची हमी देतात. धातूची हमी त्यांच्याकडे मागणं अन्यायाचं आहे. ती नदीत पाणी सोडणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांनी द्यायची.