मोटारीचा इंजिन-दिवा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

भाजीपाला, फळे व दूध बाजारात नेण्यासाठी पेट्रोल व सी.एन.जी.वर चालणाऱ्या लहान गाड्यांचा उपयोग ग्रामीण भागात आता सर्रास होतो. अशा गाडीच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तपासणीत ‘पी ०४२०’ हा संकेतांक निघतो आणि ‘कन्व्हर्टर गेला, नवा बसवा’ असा सल्ला पुष्कळदा लगेच मिळतो. या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्यामुळे त्याची किंमत भारी असते. म्हणून खर्च करण्यापूर्वी हा दिवा नेमके काय सांगतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

कन्व्हर्टरचे कार्य

इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे अपायकारक घटक असतात. धुराच्या नळीत, सायलेन्सरच्या आधी, एक पोलादी डबा बसविलेला असतो. त्यात मधाच्या पोळ्याप्रमाणे बारीक छिद्रांचा ठोकळा असून त्यावर वरील धातूंचा लेप असतो. धूर त्यातून जाताना अपायकारक घटकांचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत होते. हे कार्य डबा सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट सुरू होते. पेट्रोलमधील शिसे हा लेप निकामी करते; म्हणूनच १९९५ साली चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर लागू करताना शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करण्यात आले आणि २००० साली ते देशभर लागू झाले.

दिव्याचा अर्थ

कन्व्हर्टरच्या पुढे एक व मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. जुन्या पद्धतीच्या पुढील सेन्सरचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून वापरीत असल्यामुळे मागील सेन्सरचा दाब मात्र बहुतांशी स्थिर राहतो. मागील सेन्सरही पुढच्याप्रमाणेच हेलकावू लागला, म्हणजे गाडीतील संगणक ‘कार्यक्षमता कमी’ असे अनुमान काढतो व दिवा लावतो. ही प्रत्यक्ष धुराची मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. अनुमान चुकू शकते. त्यामुळे पडताळा आवश्यक आहे.

निदानाचा क्रम

१. सुकाणूच्या खालच्या बाजूस असलेल्या जोडणीला स्कॅनर लावून सर्व संकेतांक लिहून घ्यावेत. ‘पी ०३००’च्या गटातील संकेतांक स्फोट चुकत असल्याचे, ‘पी ०१७१’ हा इंधन कमी पडत असल्याचे, तर ‘पी ०१७२’ हा ते जास्त जात असल्याचे दर्शवितो. हे दोष प्रथम दूर करावेत.

२. इंजिन थंड असताना सुरू करून धुराच्या नळीचे सांधे तपासावेत. फुसफुस आवाज किंवा काजळीचा डाग आढळल्यास तेथे गळती आहे असे समजावे. गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते व सेन्सरची फसगत होते. गास्केट बदलण्याच्या अल्प खर्चात दिवा विझण्याचा संभव असतो.

३. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, इंजिन ऑइलची पातळी व रेडिएटरमधील पाणी पाहावे. ऑइल जळत असल्यास त्यातील फॉस्फरस लेपावर बसतो.

४. इंजिन पूर्ण तापवून, मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर काही मिनिटे ठेवून मागील सेन्सरचे आकडे स्कॅनरवर पाहावेत. ते स्थिर असल्यास कन्व्हर्टरला दोष देण्याची घाई करू नये. गळती व तारा पुन्हा तपासाव्यात.

५. डबा थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकावा. आतून खुळखुळ आवाज आल्यास ठोकळा फुटलेला असतो. चढावर गाडीची ताकद कमी पडत असल्यास तो तुंबल्याचीही शंका घ्यावी.

उपाय

वरील सर्व तपासण्या होऊनही मागील सेन्सर हेलकावत असेल, तरच कन्व्हर्टर बदलावा. तत्पूर्वी गाडीची हमी शिल्लक आहे काय, हे विक्रेत्याकडे विचारावे. कन्व्हर्टर क्वचितच आपण होऊन निकामी होतो. बहुधा इंजिनातील दुसरा दोष त्याला निकामी करतो. तो दोष तसाच राहिला तर नवा कन्व्हर्टरही थोड्याच दिवसांत वाया जातो. केवळ संकेतांक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आतील ठोकळा काढून रिकामा डबा बसविण्याचा सल्ला तर मुळीच मानू नये. तसे करणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे गावाच्या हवेत विष मिसळते.

घ्यावयाची काळजी

दिवा लुकलुकू लागल्यास न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते. गाडी सुरक्षित जागी थांबवावी. प्लगची तार काढून इंजिन चालविण्याची जुनी पद्धत सोडावी. गाडी वारंवार धक्का मारून सुरू करू नये. रॉकेल मिसळलेले पेट्रोल वापरू नये.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर अतिशय तापलेला असतो. वाळलेले गवत, कडबा अथवा पाचट यांवर गाडी उभी केल्यास पेट घेण्याचा धोका असतो. खळ्याजवळ किंवा गंजीशेजारी गाडी नेऊ नये; ती मोकळ्या, साफ केलेल्या जमिनीवर उभी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम वाहनधारकांना समजावून द्यावा. आधी गळती व इंजिन, मग सेन्सर आणि शेवटी कन्व्हर्टर, ही पायरी सोडली नाही तर शेतकऱ्याचा पैसा आणि बाजाराचा दिवस, दोन्ही वाचतात.