देवाचे माणूसपण : वाशिमच्या सर्वसेनापासून ख्रिस्तकथेपर्यंत

आजचे वाशिम हे एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, आणि त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने इसवी सनाच्या चौथ्या शतकात महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले होते. रुसलेल्या सत्यभामेची समजूत घालण्यासाठी स्वर्गातून पारिजात आणणारा कृष्ण हा त्याचा नायक. मूळ काव्य लुप्त झाले. परंतु नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त, परंपरागत कथेतील रसाला बाधक प्रसंग कवीने टाकावा व अनुकूल प्रसंग स्वतः कल्पावा, असा नियम सांगताना कालिदासाच्या जोडीला या वऱ्हाडच्या राजकवीचाच दाखला दिला.

येशू ख्रिस्ताच्या मानवी अंगाविषयी कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी जो वाद उभा केला, त्याचा निवाडा करताना हा नियम फार उपयोगी पडतो. शुभवर्तमानांत बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांशी बोलताना दिसतो, आणि त्यानंतर भेटतो तो थेट तिशीच्या सुमारास. मधली वर्षे कल्पनेला मोकळी आहेत. शिवाय मित्र लाजराच्या कबरीपाशी रडणारा आणि गेथशेमाने बागेत मरणाच्या विचाराने व्याकूळ होणारा येशू मूळ ग्रंथातच असल्यामुळे, त्याच्या माणूसपणाची सनद लेखकाला अन्यत्र शोधावी लागत नाही.

मराठीला ही कथा परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोमंतकात ‘क्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या 1919 मधील निधनानंतर पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. 1910 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहत असताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहू लागली, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

पुढे ग्रीक कादंबरीकार कझान्टझाकिस यांनी एका कादंबरीत क्रुसावरील येशूला अखेरच्या क्षणी घर, पत्नी, मुले आणि निवांत वार्धक्य यांचे स्वप्न पडल्याचे कल्पिले. या कादंबरीवरील मार्टिन स्कोर्सेसी यांच्या चित्रपटावर 1988 साली अनेक देशांत निषेधाचे वादळ उठले. परंतु ते स्वप्न नाकारून येशू स्वेच्छेने क्रुसाकडे परततो, हा कथेचा शेवट आहे. संसाराचा मोह खरा मानला, तरच त्या त्यागाचे मोल कळते.

इटलीचे पाझोलिनी हे नास्तिक आणि मार्क्सवादी, तरी 1964 च्या आपल्या चित्रपटात त्यांनी संवाद मत्तयाच्या शुभवर्तमानातूनच घेतले, आणि वृद्ध मरियेची भूमिका स्वतःच्या आईला दिली. या माउलीने महायुद्धाच्या अखेरच्या काळात आपला धाकटा मुलगा गमावला होता. क्रुसाखाली आक्रोश करणारी ती सुरकुतलेली मुद्रा पाहताना ख्रिस्ती वा अख्रिस्ती असा भेद उरत नाही.

म्हणून देवाला माणूस केले एवढ्याच कारणास्तव कोणत्याही कलाकृतीला दोषी धरू नये. केलेला बदल करुणेला पोषक आहे की केवळ खळबळीसाठी आहे, हे पाहावे; आणि वाचकहो, तो निर्णय कृती स्वतः वाचल्या-पाहिल्यावाचून देऊ नये.