खोऱ्याचा जमाखर्च

भंडारदऱ्याला जाणारा माणूस सहसा धरणाची भिंत पाहतो, पाऊस असेल तर धबधब्याखाली भिजतो आणि संध्याकाळच्या आत परततो. खोरे खरे तर त्या भिंतीच्या मागे सुरू होते. शेंडी गावातून निघालेला रस्ता पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा जलाशयाला वळसा घालून पुन्हा शेंडीत येतो. अंतर चाळीसेक किलोमीटर. गाडीने हे अर्ध्या दिवसाचे काम. पण पायांना दोन दिवस द्यावेत.

चालताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. इथे निसर्ग म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातले बरेचसे माणसाने आखलेले आहे. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा अडवायला १९१० साली सुरुवात झाली. सुमारे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत पुरी झाली आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव तिला मिळाले. हेतू स्पष्ट होता : नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्याला कालव्याचे पाणी. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि पन्नास-साठ मैलांवर जमीन तहानलेली राहते, हा हिशेब कुणालाही समजणारा होता.

बँकेच्या नोकरीतली काही वर्षे मी त्या खालच्या पट्ट्यात काढली. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडचे बागाईतदार उसावर कर्ज मागायला येत, तेव्हा सातबाऱ्यावर कालव्याची नोंद असली की आमची लेखणी सैल होई. पाणी हेच तारण. त्याच पाण्यावर ऊस वाढला आणि प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे ते श्रेय कोणी नाकारणार नाही.

पण उगमाकडे तारण म्हणून काय आहे? घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही वस्ती. भात, नागली, वरई आणि जंगलातला हिरडा ही मिळकत. एप्रिल-मे महिन्यांत मात्र याच वाटेवर डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका भेटतात. पाणी खाली तलावात दिसते, वाडी वर चढावर. काळ्या कातळाच्या उतारावरून पावसाचे पाणी वाहून जाते, झरे उन्हाळ्यात आटतात, आणि तलावातले पाणी वर चढवायचे तर पंप लागतो, वीज लागते, बिल भरावे लागते.

पाणी वर चढवता येत नाही असे मात्र नाही. २००८ साली घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. वरच्या तलावातले पाणी कोकणच्या बाजूला चारशे मीटर खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची आणि विजेची मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा कडा चढवून वर आणायचे. दिवसा उचल, रात्री भरणा! कोणत्याही कॅशियरला हेवा वाटावा असा चोख व्यवहार. शहराच्या विजेसाठी पाणी सह्याद्री चढते. वाडीसाठी दोनशे पावले चढायला त्याला मंजुरी लागते.

खालच्यांना पाणी देऊ नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. १९७० साली मंजूर झालेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याला पाणी सुटायला २०२३ साल उजाडले. तीन पिढ्या वाट पाहणाऱ्या त्या कोरडवाहू गावांचा हक्क कोण नाकारील? प्रश्न खात्यावर पहिले नाव कुणाचे, हा आहे. सावकारांच्या वह्यांविरुद्ध उठलेला आणि १८४८ साली ठाण्यात फासावर गेलेला राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातला होता. हिशेब म्हणजे काय, हे या डोंगराला कुणी शिकवायची गरज नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. पाहायला जरूर जावे. पण देवळाकडे जाताना एखाद्या वाडीत थांबून पाणी मागावे. ते मिळतेच, आणि तांब्या भरूनच मिळते. तो तांब्या किती लांबून आला, एवढे विचारायला मात्र विसरू नये.