फिजिओ घरी यायला हवा तो का?

पक्षाघाताच्या रुग्णाला दवाखान्यातून घरी सोडतात तेव्हा जिवावरचं संकट टळलेलं असतं. उठणं, चालणं, हात वापरणं पुन्हा शिकायचं काम मात्र जेमतेम सुरू झालेलं असतं. मेंदूची सावरण्याची धडपड पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जोरात चालते, आणि नेमक्या त्याच काळात रुग्ण कॉटवर पडून राहतो. फिजिओथेरपी केंद्रात न्यायचं म्हटलं तर रिक्षाचं भाडं, दोन मजल्यांचे जिने आणि घरातल्या कुणाचा तरी बुडणारा रोज, हे सगळं आलंच. त्यामुळे फिजिओने घरी जाणं सोयीचं आहे हे कुणालाही पटेल. पण माझ्या मते सोय हे दुय्यम कारण आहे. माणसाला जे पुन्हा जमायला हवं असतं, ते त्याच्या घरातच असतं. केंद्रात समांतर दांड्या धरून गुळगुळीत फरशीवर चालणारा रुग्ण घरी येऊन मोरीच्या उंबऱ्याशी अडतो, कारण दुबळ्या पायाचा चवडा वर उचलत नाही. घरी आलेला फिजिओ त्याच उंबऱ्यावर सराव घेतो : चढताना धड पाय आधी, उतरताना दुबळा आधी. भिंतीला दांडी कुठे ठोकायची, खुर्ची किती उंच हवी, हेही तिथेच ठरतं. रुग्णाला उठवताना घरची माणसं मायेपोटी लुळ्या हाताला धरून ओढतात. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, तो ओढण्याने सरकतो आणि असा दुखू लागतो की रुग्ण हाताला हात लावू देत नाही. पाय मागे घ्या, पुढे वाका, मग उठा, हे घरच्यांकडून त्यांच्याच कॉटवर करवून घ्यावं लागतं.

मग घरच्यांनाच शिकवून टाकलं तर? आपल्याकडे फिजिओ कमी आणि घरात माणसं जास्त, म्हणून ही कल्पना आकर्षक वाटते. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तिची रीतसर परीक्षा झाली. ‘अटेंड’ नावाचा तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयात आणि नंतर घरीही प्रशिक्षण दिलं होतं, दुसऱ्या गटात नाही. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, ४७ टक्के. यात घरच्यांचा दोष काढणं अन्यायाचं होईल. स्वयंपाक, नोकरी, औषधपाणी सांभाळून त्यांनी उपचारकही व्हावं, ही अपेक्षाच जास्तीची आहे. या अभ्यासातही प्रशिक्षक घरी जात होते, हा आक्षेप योग्य आहे. पण उपचाराचा मुख्य भार होता नातेवाइकांवरच. याउलट, मुख्यतः श्रीमंत देशांत, सौम्य ते मध्यम पक्षाघाताच्या रुग्णांना लवकर घरी सोडून फिजिओसह प्रशिक्षित पथक घरी पाठवण्याचे प्रयोग झाले. तिथे दर शंभर रुग्णांमागे मृत्यू किंवा परावलंबित्व साधारण पाचांचं टळलं, शिवाय रुग्णालयातले दिवसही वाचले.

घरी मशीन नसतं, ही तक्रार फार गंभीर नाही. चालणं मशीनच्या शेकाने परत येत नाही, सरावाने येतं. खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. एका भेटीचे पैसे हातावर पोट असलेल्या घराला जड जातात, आणि म्हणूनच ही सेवा खाजगी ऐपतीवर सोडता कामा नये. आशाताई गावात घरोघर पोहोचतात, तशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून फिजिओची फेरीही ठरायला हवी. तोवर आपलं माणूस घरी आणणाऱ्या प्रत्येकाने डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, की घरी फिजिओ कोण येणार आणि पहिल्यांदा कधी येणार.